हळदीचा उजेड

अण्णांना निळा रंग आवडायचा नाही. एवढ्या एका गोष्टीवरून हे सगळं झालं, आणि लोक अजून मलाच विचारतात की पद्मजा, तुझं नेमकं म्हणणं तरी काय आहे.

शांतिनाथअण्णा खोत म्हणजे सांगलीतले हळदीचे मोठे व्यापारी आणि आमच्या 'अंकुर' संस्थेचे नवे अध्यक्ष. संस्था चांगली होती, हे मी रागातही नाकारणार नाही. तासगाव, जत, आटपाडी अशा भागांत बाळंतीण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी येते आणि बाळाचा डॉक्टर मात्र एक तालुका ओलांडून असतो. अशा घरांत अंकुरची पाटी जायची. पाटी म्हणजे वहीच्या पुठ्ठ्याएवढा पातळ पडदा. तो पाळण्याच्या वरच्या दांडीला अडकवायचा. त्यावर अंकुरचं संकेतस्थळ कायम उघडलेलं असायचं. वर बाळाच्या आईचं नाव, खाली लसींच्या तारखा, पाजायच्या वेळा, आणि सकाळ-संध्याकाळ आपोआप उघडणारं तपासणीचं पान.

ते तपासणीचं पान मी केलेलं. मी आणि मिरजेच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टर तस्नीम मुजावर, आम्ही दोघींनी.

जन्मल्यावर बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी भराभर फुटतात आणि त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. कोवळ्या यकृताला ते निपटता येत नाही. म्हणून बहुतेक बाळं थोडीफार पिवळी होतात आणि आपोआप सुधारतात. काहींमध्ये मात्र ते साठत जातं, मेंदूत शिरतं, आणि मग बाळ वाचलं तरी त्याला ऐकू येत नाही, ते मान धरत नाही. वेळेवर कळलं तर उपचार अगदी साधा, निळ्या दिव्याखाली ठेवायचं. कारण बिलिरुबिन निळा उजेड शोषून घेतं आणि त्या उजेडानं त्याचं रूप बदलतं.

आम्ही त्याच गोष्टीचा उपयोग केला. तपासणीच्या वेळी पाटीचा पडदा काही क्षण निळा व्हायचा, तो उजेड बाळाच्या कपाळावर पडायचा आणि कडेचा कॅमेरा बघायचा की त्यातला किती परत आला. फार कमी आला तर कातडीत बिलिरुबिन जास्त. मग पाटी ओरडायची, दवाखान्यात न्या.

पण हा आमचा सांगलीचा मुलूख. इथं बाळाला न्हाऊ घालताना साय-हळद लावतात, आणि हळदही निळा उजेड शोषते. सुरुवातीला निम्म्या घरांतल्या पाट्या उगाचच ओरडायच्या. आजीबाई आम्हाला शिव्या घालायच्या. मग डॉक्टर मुजावरांच्या लक्षात आलं की निळ्या उजेडात हळद हिरवट चमकते आणि बिलिरुबिन तसं चमकत नाही. आम्ही पानाला ते शिकवलं. हिरवी चमक दिसली की ती हळद समज आणि तेवढी हिशेबातून वजा कर. त्यानंतर पाट्या शहाण्यासारख्या वागायला लागल्या आणि आजीबाईही निवल्या.

थोडक्यात, त्या पानावरचा निळा रंग शोभेचा नव्हताच. ते आमचं मोजमापाचं साधन होतं. थर्मामीटरमधला पारा कुणी आवडीच्या रंगाचा करून मागत नाही. आमच्याकडे मागितला.

"हे दवाखान्यासारखं दिसतंय गं," अण्णा पहिल्याच बैठकीत म्हणाले. "बाळाच्या डोक्यावर असलं निळं-काळं कशाला टांगायचं? आपली सांगली हळदीची. सगळं हळदीच्या रंगात करून टाका. कसं शुभ वाटंल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझा नवरा भरत संकेतस्थळाचा व्यवस्थापक, तोही डोलावत होता. मी उभी राहिले आणि वर लिहिलं आहे ते सगळं अण्णांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, शेंगदाण्याचा लाडू तोडून अर्धा माझ्यापुढे केला आणि म्हणाले, "मग तुझं ते पान ठेव की बाजूला. बाकीचं पिवळं कर. झालं?"

झालं. माझी काही हरकत नव्हती.

संकेतस्थळाचे रंग एकेक करून बदलायचे दिवस कधीच गेले. आता रंगसारथी नावाची प्रणाली आहे. तिला फक्त मूळ रंग सांगायचा. मथळ्यांचा गडद, पार्श्वभूमीचा फिका, बटणांचा विरुद्ध बाजूचा, चित्रांवरची झाक, सावल्या, कडा, सगळं ती त्या एका रंगातून काढते. मूळ रंग घरातल्या कर्त्या माणसासारखा. तो ज्या बाजूला सरकेल त्या बाजूला बाकीच्यांनी सरकायचं, आपापलं अंतर राखून. ज्या रंगाचं मूळ रंगाशी काहीच नातं लागत नाही त्याला रंगसारथी 'परका' म्हणते आणि विचारते, सामावून घेऊ का?

अण्णांनी गोदामातून मूठभर हळद पाठवली होती. मी ती रंग मोजायच्या यंत्राखाली धरली, तोच रंग मूळ रंग म्हणून दिला आणि तपासणीच्या पानाला कुलूप घातलं. चहा निवायच्या आत अख्खं संकेतस्थळ हळदीचं झालं. दिसत छान होतं, खोटं कशाला बोलू? माझं पान तेवढं निळं राहिलं. रंगसारथीनं त्याच्यापुढे 'परका' असा शेरा मारला आणि ती गप्प बसली.

पुढचा आठवडाभर मी आटपाडीकडे नव्या पाट्या बसवत फिरत होते. पाटी बसवली की मी पुढच्या गावी, तपासणी आपोआप व्हायची ती मागाहून. इकडे उद्‌घाटन झालं, पेढे वाटले गेले, अण्णांचा फोटो छापून आला.

परत आले तेव्हा आमच्या विश्रामबागच्या घरीच पाळणा हलत होता. माझी धाकटी नणंद सन्मती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिला मुलगा झाला होता. पाळण्यावर अर्थातच अंकुरची पाटी होती. भरतनं हौसेनं लावलेली, नव्या रंगातली.

मी मात्र ती पाहिली नव्हती. सासूबाईंनी मला बाळंतिणीच्या खोलीत येऊ दिलं नव्हतं. मला मूल नाही. तसं तोंडावर कुणी बोललं नाही. "तू बाहेर गावोगाव फिरून आलीयास, वारं लागंल लेकराला," एवढंच त्या म्हणाल्या. शेजारची बाई बाजारातून थेट आत जाऊन बाळाचे मुके घेऊन यायची, तिला वारं चिकटत नसावं. मी गिळलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, गिळायची सवय होती. जेवताना सासूबाई कौतुकानं सांगायच्या, "आज पण पाटीवर छान आलं हो. तुझ्या त्या यंत्रानं पास केलं आमच्या बाळाला." तीन दिवस 'छान' आलं की पाटी तपासणी थांबवते आणि वर 'सुखरूप' असं लिहून टाकते. आमच्या पाटीवर 'सुखरूप' आलं त्या दिवशी शिरा झाला.

पाचवीच्या दिवशी सकाळी घरात पूजेची गडबड चालू होती. तेवढ्यात खोलीच्या दारातून सन्मतीनं मला हाक मारली. सासूबाई फुलं आणायला गेल्या होत्या.

"वहिनी, जरा आत ये की. हा कालपासनं दूध ओढंना झालाय. नुसता झोपतोय. उठवला तरी उठंना."

"अगं, पण आई..."

"आईचं राहू दे. तू ये."

खोलीत अंधार होता. बाळंतिणीच्या खोलीत असतो तसा, पडदे ओढलेले, शेगडीचा आणि ओव्याचा वास. उजेड होता तो फक्त पाळण्यावरच्या पाटीचा, आणि तो पिवळाधमक होता. त्यात बाळ, दुपटं, सन्मतीचे हात, सगळं एकाच रंगाचं दिसत होतं. त्या उजेडात जगातलं कुठलंही बाळ सुखरूप दिसलं असतं.

मी पडदा ओढला.

दिवसाच्या उजेडात बाळ पायांच्या तळव्यापर्यंत पिवळं होतं. मी बोटानं त्याची छाती दाबून सोडली. बोटाखालची कातडीही पिवळीच उमटली. ते रडलं नाही.

तेवढ्यात सासूबाई आल्या. हातात फुलांची परडी, डोळ्यांत अंगार. "पडदा कुणी काढला? आणि तू आत काय करालीस?"

"आई, बाळ पिवळं पडलंय."

"हळद लावलीया साय घालून. पिवळं न्हाई दिसणार तर काय हिरवं दिसंल?"

मी बाळाची पापणी हलकेच वर केली. "डोळ्यांतल्या पांढऱ्यावर पण लावली का हळद?"

मग पाटीकडे हात करून म्हणाल्या, "पण ती तर सुखरूप म्हणतीया की."

मी पाटी दांडीवरून काढली आणि तपासणीचं पान हातानं चालू केलं. निळा उजेड आलाच नाही. पडदा आणखी गडद पिवळा झाला, काही क्षण तसाच राहिला आणि हिरव्या बरोबरच्या खुणेसह लिहून आलं, 'छान'.

काय झालं असेल ते मला एका क्षणात कळलं. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका तीन इवल्या दिव्यांचा असतो, तांबडा, हिरवा आणि निळा. पिवळा दाखवायचा म्हणजे तांबडा आणि हिरवा लावायचा आणि निळा विझवायचा. कुणीतरी माझ्या पानाचं कुलूप काढून निळ्याला मूळ रंगात सामावून घेतलं होतं. मोजायचा उजेडच विझला होता. एवढंच झालं असतं तर निळा परत येत नाही म्हणून पाटी निदान ओरडली असती. पण पिवळ्या पडद्याचा हिरवा उजेड बाळाच्या कातडीवरून परत येत होता, आणि पानाला आम्हीच शिकवलं होतं की हिरवी चमक म्हणजे हळद, ती वजा कर. परत न आलेला सगळा निळा पान हळदीच्या नावावर टाकत होतं. कावीळ पुसून टाकायचं यंत्र झालं होतं ते. आणि ते फक्त आमच्या घरात नव्हतं.

मी बाळाला उचललं, सन्मतीला गाडीत घातलं. आमची गाडी स्वतः चालणारी, नियमांची मोठी भक्त. तिनं मिरज रस्त्यावर वेग वाढवायला नकार दिला तेव्हा मी चाक हातात घेतलं आणि तिची सगळी धोक्याची वाक्यं ऐकत मिरजेला पोचले. सन्मती मागच्या सीटवर बाळाच्या तळपायाला टिचक्या मारत होती आणि म्हणत होती, "रड की रे. एकदा रड की."

डॉक्टर मुजावरांनी बाळाला बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. रक्ताचा आकडा आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "रक्त बदलावं लागणार." बाळाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला निळ्या दिव्यांखाली ठेवलं. तो रंग बघून मला अण्णांचा लाडू आठवला.

भरत धापा टाकत आला. मी त्याला जिन्याशी गाठलं.

"माझ्या पानाचं कुलूप कुणी काढलं?"

"पद्मा, आधी बाळ कसं आहे ते..."

"कुणी काढलं?"

त्यानं भिंतीकडे बघितलं. "उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी अण्णांना दाखवत होतो. सगळं पिवळं आणि मधूनच ते निळं पान यायचं. अण्णा म्हणाले, हे एक तेवढं डोळ्यांत खुपतंय. रंगसारथी विचारत होतीच, सामावून घेऊ का. मी हो म्हटलं. मला वाटलं, नुसता रंगच तर आहे."

"मी बैठकीत घसा कोरडा करून सांगितलं होतं. तू माझ्या शेजारी बसला होतास."

"हो, पण तू नेहमीच असं... म्हणजे तू प्रत्येक गोष्टीत ताणतेसच की."

मी आयुष्यात कुणाला मारलेलं नाही. त्या जिन्यात माझा हात वर गेला होता. खाली कसा आला ते मला माहीत नाही. माझ्या ज्ञानाला त्यानं स्वभावदोष समजून बाजूला ठेवलं होतं. बायकोचं ताणणं! नऊ वर्षं मी ज्याच्या पानात भाजी वाढली त्यानं माझं बोलणं एकदासुद्धा बोलणं म्हणून ऐकलं नव्हतं, हे मला तिथं, फिनेलच्या वासात कळलं.

दुपारी अण्णा आले. बरोबर फळांची करंडी. "सगळा खर्च संस्था करणार," ते आल्या आल्या म्हणाले. "घरचंच प्रकरण आहे, घरातच मिटवू. तुझं पान उद्या पहिल्यासारखं निळं करून टाक. कुणाला काही बोलायचं कारण न्हाई."

"अण्णा, पान निळं करून काय उपयोग? ज्या घरी तीन दिवस 'छान' आलं तिथली तपासणी थांबलीय. तिथं पाटी परत बघणारच नाही. आठवड्याच्या वर हे चाललंय. त्या सगळ्या घरांना आत्ता कळवायला पाहिजे, बाळ उजेडात बघा, दवाखान्यात न्या."

"आणि लोक काय म्हणतील? अंकुरनं लेकरं मारली? घबराट माजंल पोरी. वीस वर्षं उभारलेली संस्था एका दिवसात जाईल. बहुतेक बाळं आपोआप बरी होतात, असं तूच सांगितलं होतंस बैठकीत."

एवढं मात्र त्यांनी नीट ऐकलं होतं.

मी भरतकडे वळले. पाट्यांवर सूचना पाठवायची तर त्याची आणि अध्यक्षांची, दोघांची परवानगी लागायची. घरांचे फोन नंबरही त्याच्याच ताब्यात. "तू घरोघर फोन लाव," मी म्हटलं. "अण्णा काय करायचं ते करतील."

"उद्या सकाळी कार्यकारिणीची बैठक घेऊ ना," भरत म्हणाला. "रीतसर ठराव करू."

काचेपलीकडे त्याच्या भाच्याचं रक्त नळीतून काढून दुसरं भरत होते. आणि हा ठराव करणार होता.

डॉक्टर मुजावर बाहेर आल्या. त्यांनी ओळखीच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांना फोन केले होते. "आलेल्या प्रत्येक बाळाचं रक्त बघायला सांगितलंय. पण आई-बाप आणणार कशाला? त्यांच्या पाटीवर 'सुखरूप' लिहिलंय. नर्स घरोघर फिरायला चार दिवस जातील. पद्मजा, यातल्या काही बाळांकडे चार दिवस नाहीत गं."

मी बाकावर बसले. शब्द पाठवायचा अधिकार मला नव्हता. पण रंग माझ्याकडे होते. मूळ रंगाची किल्ली अजून माझ्याच नावावर होती. ती काढून घ्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण रंगानं काय बिघडतं?

लाल केला तर? लोकांना वाटलं असतं, आज कसला तरी सण असेल. निळा केला तर अण्णांखेरीज कुणाचं लक्ष गेलं नसतं. मला असा रंग हवा होता की जो पाळण्यावर दिसला तर आमच्या भागातली एकही बाई घरात थांबणार नाही. तो कुठला हे ठरवायला मला प्रयोगशाळा लागली नाही. 'निळं-काळं कशाला' असं अण्णाच म्हणाले होते. पिवळ्याला शुभ मानणाऱ्या माणसांना कशाची भीती वाटते ते मला जन्मापासून पाठ आहे.

दिवेलागणीच्या सुमारास मी मूळ रंग काळा दिला. तपासणीचं पान बाहेर काढून परत निळं केलं, त्याला माझ्या एकटीचं कुलूप घातलं आणि बाकी सगळं काळ्याच्या हवाली केलं. रंगसारथीनं विचारलं, या मूळ रंगातून वाचता येईल अशी रंगसंगती तयार होत नाही, तरी चालेल? मी म्हटलं, चालेल. तिनं परत विचारलं. चालेल म्हटलं ना!

पहिला फोन आमच्याच घरून आला. सासूबाई एकट्याच मागे राहिल्या होत्या.

"पद्मे, पाटी काळी पडली गं." त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "नाव पुसलं, सगळं पुसलं. पोरगं गेलं का गं आमचं?"

शेकडो घरांचा विचार केला आणि माझ्याच घराचा करायचा राहिला. "नाही, आई. आहे तो. रक्त बदललंय, श्वास चालू आहे. पाटी मी काळी केलीय. मुद्दाम."

मग म्हणाल्या, "अशी कशी गं तू!" आणि फोन ठेवला. यात राग किती होता ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतरची रात्र मी न सांगितलेली बरी. अंकुरच्या कचेरीचे फोन बंद पडले. आज्या पाळण्यावरच्या पाट्या ओढून अंगणात फेकत होत्या. आणि लोक निघाले. ट्रॅक्टरवर, मोटारसायकलवर, दुपट्यात गुंडाळलेली पोरं घेऊन. कुणी आधी देवळात गेले, कुणी मांत्रिकाकडे, पण बहुतेक जण शेवटी दवाखान्यात पोचलेच, आणि तिथं रक्त बघितलं गेलं. पहाटेपर्यंत मिरजेतल्या निळ्या दिव्यांखाली जागा उरली नाही. एकेका दिव्याखाली दोन-दोन बाळं ठेवली. जत तालुक्यातून आलेल्या एका बाळाला मात्र उशीर झाला होता. त्याच्या आजोबांनी मला विचारलं की पाटी काळी आधी का नाही केली? त्यांना वाटत होतं, ती माझीच ड्यूटी होती.

दुसऱ्या दिवशी अण्णांचं निवेदन आलं. एका अविचारी महिला कर्मचाऱ्यानं अशुभ रंग दाखवून समाजात घबराट पसरवली, नवजात बालकांच्या कुटुंबांच्या भावना दुखावल्या, संस्था तिला काढून टाकत आहे. कावीळ हा शब्द त्या निवेदनात नव्हता. पिवळा हा शब्दही नव्हता.

दोन आठवड्यांनी मला पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. समोर एक महिला उपनिरीक्षक बसल्या होत्या, चव्हाणबाई. स्वभावानं सरळ वाटल्या. त्यांनी मला पाणी दिलं आणि फिर्याद वाचून दाखवली. यंत्रणेत अनधिकृत फेरफार, लोकांत भीती पसरवणं, आणखी बरंच काही. शेवटी फिर्यादीचं नाव वाचताना त्या जरा अडखळल्या.

"भरत बाळगोंडा चौगुले. हे तुमचे..."

"नवरा," मी म्हटलं.

भरत बाहेरच्या बाकावर बसला होता. संस्थेचा व्यवस्थापक म्हणून सही त्याचीच लागत होती, त्याचा नाइलाज होता, असं त्यानं मला घरातून निघताना सांगितलं होतं. डबा भरून देऊ का, असंही विचारलं होतं.

"काळा रंग तुम्ही केलात?"

"मी केला."

"परवानगी न घेता?"

"न घेता. आणि परत तशी वेळ आली तर परत करीन, तेही लिहा."

चव्हाणबाईंनी लिहिलं. "काही सांगायचंय का अजून?"

"विचारायचंय. काळ्याबद्दल माझ्यावर गुन्हा आहे. पिवळ्याबद्दल कुणावर आहे?"

त्यांनी हातातलं पेन फिरवलं. "बाई, मला कळतंय तुम्ही काय म्हणताय ते. पण त्याबद्दल फिर्यादच कुणी दिलेली नाही. जतच्या त्या कुटुंबाला संस्थेनं काय सांगितलं ठाऊक नाही, ते बोलायला तयार नाहीत. बाकीच्यांची बाळं वाचली, ते सुटलो म्हणतात. फिर्यादी पाहिजे ना कुणीतरी."

"फिर्यादी हाय," मागून आवाज आला.

सन्मती दारात उभी होती. डोक्याला रुमाल, अंगावर बाळंतिणीचं स्वेटर, छातीशी बाळ. तिच्या मागे सासूबाई, हातात बाळाची पिशवी. भरत बाकावरून उठून तिच्या मागोमाग आत आला. "सन्मती, तू इथं कशाला आलीस? चल घरी. बाळाला ऊन लागेल. मी सांगतो तुला सगळं नीट."

ती त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि बाळाला मांडीवर घेतलं. शिपायानं तेवढ्यात लोखंडी कपाटाचं दार धाडकन लावलं. मी दचकले, भरत दचकला. बाळ छताच्या पंख्याकडे बघत तसंच पडून राहिलं.

"काल मोठी तपासणी झाली ह्याची," सन्मती चव्हाणबाईंना म्हणाली. "ऐकू येत न्हाई ह्याला. दोन्ही कानांनी."

भरत खाली बसला. सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि पुढे येऊन माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

चव्हाणबाईंनी नवा कागद घेतला. "फिर्यादीचं नाव?"

"सन्मती महावीर पाटील."

"ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचं?"

"दोघं हायत. पहिला शांतिनाथ खोत, अंकुर संस्थेचा अध्यक्ष." तिनं बाळाचं टोपडं सरळ केलं. "दुसरा भरत बाळगोंडा चौगुले."

पेन थांबलं. "यांच्याशी आपलं नातं?"

"सख्खा भाऊ," सन्मती म्हणाली. "लिहा."